विन्याला, ढाल बाजूला ठेवण्याबद्दल

सांगली,
14 जून 2020

प्रिय विन्या,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. मोबाइलवर दोन ओळी खरडून उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून आपल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाबद्दल हे लांबलचक पत्र. "टँकिंग माझ्याच्याने व्हायचं नाही, परत हंटर घेतो" असं लिहिलंयस. म्हणजे बॉसला, त्या बड्या शत्रूला, अंगावर घेणारा टँक व्हायचं सोडून पुन्हा लांबून मारणारा शिकारी. तसं करू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

तुझा स्क्रीनशॉट नीट पाहिला. डिफेन्स, म्हणजे बचावाचा आकडा, 440! म्हणजे बॉसचा क्रिट, तो जबर घाव, तुला बसणारच नाही. एकेक वस्तू जोडत तू तिथवर आलायस, ते मला दिसतंय. पण गोम तिथेच आहे, विन्या. बॉस तुझ्याकडे तोंड करून उभा असेल तोवरच त्या 440 चा उपयोग. तो वळून मेजच्या, म्हणजे जादूगाराच्या, अंगावर गेला, की तुझं चिलखत कुणाच्या कामाचं?

आणि वॉरियरचं, म्हणजे आपल्या योद्ध्यांचं, दुखणं आणखी वेगळं आहे. आपल्याला रेज, म्हणजे चाली वापरायचं बळ, मिळतं ते दिलेल्या घावातून आणि खाल्लेल्या घावातून. चिलखत जाड केलंस, घाव चुकवायला लागलास, की मार कमी बसतो. मार कमी म्हणून रेज कमी, रेज नाही म्हणून सन्डर आणि हिरोइक स्ट्राइक या मारायच्या चाली नाहीत, आणि मग थ्रेट, म्हणजे बॉसचा आपल्यावरचा राग, तरी कुठून येणार? मोल्टन कोअरच्या मोहिमेत तुझं हेच होतंय. तिथले बॉस आता तुला ओरखडेही काढत नाहीत आणि तू कोरडा पडतोस. इकडे डीपीएसवाल्यांचं, म्हणजे नुसतं मारणाऱ्यांचं, गिअर (शस्त्रं-चिलखत) सुधारलंय, ते कशाला थांबतील? बॉसला लागून उभा असलेला माणूस तुझ्या थ्रेटच्या 110 टक्क्यांवर गेला की बॉस त्याचा, लांबून मारणारा 130 वर गेला की त्याचा. हिशोब एवढा सरळ आहे. डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये, त्या बचावाच्या पवित्र्यात, आपला प्रत्येक घाव थ्रेटमध्ये 1.3 पट मोजला जातो, डिफायन्स या कौशल्याचे पाचही पॉइंट घातले तर जवळजवळ दीडपट. पण मुळात घावच बारीक असेल तर त्याची दीडपट होऊन होऊन किती होणार?

मलाही हे उशिराच कळलं. एप्रिलमधली गोष्ट. लॉकडाउन होता, आणि रेड, म्हणजे सगळ्यांची मिळून मोहीम, सिडनीच्या वेळेने रात्री आठला असायची. तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन, त्यामुळे जेवण उरकून मी रेडला बसायचो. ब्लॅकविंग लेअरच्या मोहिमेत वेलास्ट्राझ नावाचा ड्रॅगन बॉस होता. तिथे रेजचा तुटवडा नसतोच, सेकंदाला 20 फुकट मिळतं. पण ते सगळ्यांनाच मिळतं. मेजचा माना आणि रोग या मारेकऱ्याची एनर्जी, म्हणजे त्यांचं त्यांचं बळसुद्धा भरून वाहत असतं, त्यामुळे जो तो जीव तोडून मारतो. पहिल्या टँकवर ड्रॅगनचा बर्निंग ॲड्रेनलिन हा शाप आला, म्हणजे तो मरणार हे ठरलेलं. थ्रेटमध्ये त्याच्यामागे दुसरा नंबर माझा असायला हवा होता. मी ढाल धरून, पूर्ण डिफेन्सच्या गिअरमध्ये, थ्रेट मीटरवर पाचवा होतो. पहिला टँक पडला आणि ड्रॅगन सावकाश वळला, माझ्याकडे नाही, मागे उभ्या असलेल्या एका मेजकडे. मग त्याच दिशेला आगीचा लोट. हेडफोनवर एकदम सगळे गप्प झाले. ती शांतता मला अजून ऐकू येते.

पुढच्या आठवड्यात मी ढाल बॅगेत टाकली. दोन्ही हातांत तलवारी, उजवीकडची वेगवान, म्हणजे हिरोइक स्ट्राइक जास्त वेळा बसतो. मारायचे दागिने घातले, आगीपासून वाचवणारं पोशन प्यायलो. हीलरना, म्हणजे जखमा भरणाऱ्यांना, आधीच सांगितलं, "आज मला मार जास्त बसेल, सांभाळून घ्या." त्यांनी घेतलं. पहिला टँक पडला आणि ड्रॅगन माझ्याकडे वळला. विन्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

म्हणून माझं मत असं, की डिफेन्स हीलरला श्वास घेता येईल एवढा ठेव आणि बाकी सगळं मारण्यावर लाव. हा "एवढा" कुठल्या तक्त्यात सापडायचा नाही, तो तुझ्या हीलरना विचार. ज्या बॉसचा चिरडणारा घाव दीडपट बसतो आणि हीलर नवखे आहेत, तिथे ढाल आणि शील्ड ब्लॉक ही घाव अडवायची चालच हवी, तिथे हिरोगिरी नको. नेहमीच्या पुलात, म्हणजे शत्रूला लढाईत ओढताना, मात्र दोन शस्त्रं घेऊन बघ. टाँटवर, बॉसला डिवचून आपल्याकडे वळवायच्या चालीवर, विसंबू नकोस. तो तुला फक्त वरच्याच्या बरोबरीला आणतो, पुढचं कमवावंच लागतं, आणि कित्येक बॉसवर तो चालतही नाही.

आणखी एक, हे नक्की तपास. तुमचे पॅलाडिन (धर्मयोद्धे) ग्रेटर ब्लेसिंग ऑफ सॅल्व्हेशन, ते थ्रेट कमी करणारं वरदान, देतात ना? ते सगळ्या वॉरियरना एकदम लागतं, म्हणजे तुलाही. तुझा 30 टक्के थ्रेट तिथेच जातो. पुल करण्याआधी वर उजवीकडे बघ, ते चिन्ह दिसलं की राइट क्लिक करून काढून टाक. मला दाट शंका आहे, तुझं अर्धं दुखणं हेच असेल.

शनिवारी साडेतीनला मी मोकळा आहे. आधी आपण दोघंच कुठल्यातरी डन्जनमध्ये जाऊ. तू दोन तलवारी घे, मी मेज घेऊन येतो आणि अजिबात हात आखडता न घेता मारतो. बॉस माझ्याकडे वळतोय का ते बघू. येण्याआधी थ्रेट मीटर इन्स्टॉल करून ठेव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पक्या