रस्त्यावरच्या शिपायाला व्हिसा तपासायला लावू नका

मा. ग्रेग अ‍ॅबट,
गव्हर्नर, टेक्सास राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या ऑस्टिनच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. इथे मराठीत लिहितोय, कारण आमच्या मंडळाच्या गणपतीत स्थानिक पोलिसांनी इमिग्रेशनचे कागद तपासण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते मेक्सिकोतून नदी ओलांडून येणाऱ्यांसाठी आहे. आपले पेपर्स क्लिअर आहेत." बरीच वर्षं मीही हेच म्हणायचो.

काही वर्षांपूर्वी माझा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, वाढवण्याचा अर्ज पडून होता आणि आय-९४ची, म्हणजे किती दिवस राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेश-नोंदीची, तारीख उलटली होती. अर्ज मुदतीत केलेला असला तर निकाल येईपर्यंत २४० दिवस काम करता येतं, हा फेडरल नियम. पण आम्हा व्हिसावाल्यांचं टेक्सासचं लायसन्स त्याच तारखेला बांधलेलं असतं, तेही संपलं. म्हणून मित्र मला नि मुलीला गाडीने घरी सोडत होता. टेललाइट बंद होता, पोलिसाने थांबवलं आणि माझंही ओळखपत्र मागितलं. मी पासपोर्ट दिला, अर्जाची पावती दिली. तो शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तर संपलंय." व्हिसाचा शिक्का संपणं आणि इथे राहण्याचा हक्क संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वीस मिनिटं समजावत होतो. मागच्या सीटवर मुलगी एक शब्द न बोलता बसली होती. पोलीस सभ्य होता, त्याने सोडलं. त्याला दोष कसा देऊ? हा फरक मला स्वतःला वकिलाला पैसे मोजल्यावर कळला होता.

आता तोच प्रसंग आपल्या नव्या कायद्यांसकट डोळ्यांपुढे आणून पाहा.

१८ डिसेंबर २०२३ला ब्राउन्सव्हिलमध्ये आपण सही केलेला एसबी ४ (सिनेट बिल ४) हा कायदा विमानतळावरून रीतसर आलेल्याला लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. अधिकृत नाक्याबाहेरून केलेला प्रवेश त्याने राज्याचा गुन्हा ठरवला. पहिल्यांदा १८० दिवसांपर्यंत कैद, हद्दपारीनंतर परत आल्यास काही प्रकरणांत वीस वर्षांपर्यंत. सीमेवरच्या गावांवर ताण नव्हता असं मी म्हणणार नाही. पण हा कायदा सीमेपुरता नाही, ह्यूस्टनलाही तोच. आणि कोण कुठून आलं हे कपाळावर लिहिलेलं नसतं. मग संशय घ्यायचा तो रंगावरून आणि उच्चारावरूनच ना? फेडरल न्यायाधीश डेव्हिड एझ्रा यांनी २९ फेब्रुवारी २०२४ला त्याला स्थगिती दिली. १९ मार्चला तो काही तासांपुरता लागू झाला, आणि त्याच रात्री पुन्हा थांबला. त्या एका दिवसात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पासपोर्ट जवळ ठेवा, असे निरोप फिरत होते.

मला जास्त काळजी एसबी ८ या दुसऱ्या कायद्याची आहे. १ जानेवारी २०२६पासून तुरुंग चालवणाऱ्या शेरीफना, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांना, फेडरल इमिग्रेशन खात्याशी २८७(जी) करार करणं भाग आहे; या कराराने इमिग्रेशनचं काम स्थानिक पोलिसांकडे येतं. या करारांचे तीन प्रकार. दोन तुरुंगाच्या भिंतीआड चालतात. तिसरा, टास्क फोर्सचा, गस्तीवरच्या शिपायाला रस्त्यातच कागद विचारायचा अधिकार देतो. कोणता निवडायचा, हे कायद्याने ठरवून दिलेलं नाही.

अलाबामाने २०११मध्ये असाच कडक कायदा केला. त्याच वर्षी टस्कलूसात मर्सिडीजचा एक जर्मन अधिकारी भाड्याच्या गाडीत अडवला गेला. जवळ फक्त जर्मन ओळखपत्र होतं, म्हणून त्याला अटक झाली. सहकाऱ्याने पासपोर्ट आणून दाखवल्यावर सुटका. ज्याच्यासाठी कंपनीचा माणूस धावत येत नाही, त्याचं काय? अ‍ॅरिझोनाच्या अशाच कायद्याची तीन कलमं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये रद्द केली, कारण हे काम फेडरल सरकारचं. आपण स्वतः राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होतात, पुढे अ‍ॅटर्नी जनरल होतात. तो निकाल मी आपल्याला काय सांगणार.

म्हणून पहिली मागणी: टास्क फोर्सचा करार कुठल्याही शेरीफने करू नये, यासाठी आपलं वजन वापरा.

दुसरी मागणी एका मुलीमुळे करतोय. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली, आमच्या ओळखीतली. नवरा मारायचा. ९११ हा आणीबाणीचा नंबर लावायची आणि पलीकडून आवाज आला की फोन ठेवायची. पोलीस आले तर आधी व्हिसाच विचारतील, अशी भीती. खरं तर मारहाणीसारख्या गुन्ह्यात बळी पडलेल्यांसाठी फेडरल कायद्यात यू व्हिसा आहे, पण त्याला पोलिसांसारख्या यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याच २०१७च्या एसबी ४मध्ये (नाव तेच, पण कायदा वेगळा) एक चांगली तरतूद आहे: पीडिताला किंवा साक्षीदाराला इमिग्रेशनबद्दल विचारायचं, तर ते तपासासाठी किंवा अशा व्हिसाची माहिती देण्यासाठी गरजेचं असेल तरच. ती तरतूद प्रत्येक शेरीफच्या नियमावलीत पहिल्या पानावर यावी. ९११वर फोन घेणाऱ्यालाही ती सांगता यावी, आणि तीही हिंदीत, स्पॅनिशमध्ये, व्हिएतनामीत, फोन करणाऱ्याला जी भाषा कळते तिच्यात.

आपला,
ह्यूस्टनचा एक मराठी रहिवासी