मनगटाचं दुखणं लपवू नकोस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते तर "हो गं आई, कळलं" म्हणून तू विषय मिटवला असतास, म्हणून लिहितेय. पूर्ण वाच.

परवा तू जिम्नॅस्टिक्सच्या कंडिशनिंगचा, म्हणजे ताकदीच्या व्यायामाचा, व्हिडिओ पाठवलास. सगळ्या मुली तळवे टेकून पुश-अप्स मारताहेत आणि तू एकटी मुठीवर. बाबा खूश झाले, म्हणाले बघ, बॉक्सरसारखी मारतेय पोरगी. मी मात्र व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. मनगट मागे वाकवलं की कळ येते तेव्हा माणूस आपसूक मूठ वळतो. शेवटी पाण्याच्या बाटलीचं झाकणही तू डाव्या हाताने उघडलंस. उजवं मनगट दुखतंय ना? आणि स्प्रे मारून, क्रेप बँडेज गुंडाळून रेटतेयस?

माझी अख्खी ड्युटी एक्स-रेच्या खोलीत जाते, हे तू विसरलीस वाटतं. तुझ्या वयाच्या मुलीच्या हाताची फिल्म काढली की मनगटाच्या जरा वर, हाडात एक आडवी काळी रेघ दिसते. बरोबर आलेल्यांना वाटतं हाडच मोडलं. ती असते ग्रोथ प्लेट. तिथे अजून हाड तयार झालेलं नसतं, कूर्चा असते, आणि कोपराखालच्या हाताची लांबी मुख्यतः तिथूनच वाढते. मुलींची ती रेघ साधारण १५ ते १७ व्या वर्षापर्यंत बुजते. तोवर ती जागा कच्ची. तुमच्या खेळात तर हातांचेच पाय करायचे. हातांवरून पुढे उलटायची हँडस्प्रिंग घे, मागे उलटायची फ्लिक घे, धावत येऊन व्हॉल्टच्या टेबलावर हातांनी मारायचा धक्का घे, सगळा भार मनगटावर. हे दिवसातून कित्येकदा आणि विश्रांती नाही, असं झालं की ती रेघ रुंदावते, तिच्या कडा खडबडीत दिसायला लागतात. त्या वेळी हातावर भार टाकणं थांबवलं तर सहसा काही महिन्यांत भरून येतं. रेटत राहिलीस तर ती वेळेआधीच बुजू शकते. मग अंगठ्याकडचं हाड आखूड राहतं, करंगळीकडचं वाढत जातं आणि मनगटाचं दुखणं जन्माचं मागे लागतं. सुरुवातीला फिल्मवर काही दिसतही नाही बरं का. तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे" असं कुणी म्हणालं, तरी तुझं दुखणं खोटं ठरत नाही.

आता तू म्हणशील, निवड चाचणी तोंडावर आलीय. आलीय, मला तारीख पाठ आहे. पण मनू, तू १४ वर्षांची आहेस. ज्या वर्षी १६ पूर्ण होतात त्या वर्षापासूनच मुलींना आंतरराष्ट्रीय सीनियर गटात खेळता येतं, १९९७ पासून तसा नियमच आहे. तुझा खरा खेळ अजून सुरूही झालेला नाही, आणि तुझ्या मते सगळं या एका चाचणीवर अडलंय!

केरी स्ट्रगचा तो व्हिडिओ तू मला दोनदा पाठवलायस. १९९६, अटलांटा ऑलिंपिक, पहिल्या व्हॉल्टला घोटा दुखावला तरी ती दुसऱ्यांदा धावली, एका पायावर लँडिंग धरलं आणि अमेरिकेच्या संघाला सुवर्ण मिळालं. धीराची पोर, वादच नाही. पण नंतर गुण जुळवले तेव्हा कळलं की तो दुसरा व्हॉल्ट मारला नसता तरी सुवर्ण त्यांचंच होतं. आणि त्या घोट्यापायी तिच्या वैयक्तिक फायनल्स हुकल्या. हे त्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

येलेना मुखिनाचं नावही तुझ्या कानावर नसेल. सोव्हिएत संघाची, १९७८ ची विश्वविजेती. पुढच्या वर्षी पाय मोडला, तो नीट भरण्याआधीच तिला सरावाला उतरवलं. फ्लोअरवरची एक उडी आपल्याला झेपत नाही, यात मान मोडेल, हे तिने प्रशिक्षकाला सांगून ठेवलं होतं. मॉस्को ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, ३ जुलै १९८० ला मिन्स्कमध्ये त्याच उडीत तिची मान मोडली. मानेखालचं शरीर लुळं पडलं ते २००६ मध्ये ती गेली तोपर्यंत. ती उडी पुढे बायकांच्या स्पर्धेतून काढून टाकली. हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये. ती बोलली होती, ऐकणारं कुणी नव्हतं. तुझ्याकडे ऐकणारी माणसं आहेत आणि तू बोलत नाहीस, याचा मला राग येतो.

अमेरिकेची सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकला बोलली. व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या, हवेत आपण कुठे आहोत तेच कळेना. तिने भर फायनलमधून माघार घेतली. लोकांनी काय काय बोलून घेतलं! त्याच ऑलिंपिकमध्ये तिने बीमवर, त्या अरुंद पट्टीवर, कांस्य मिळवलं आणि २०२४ ला पॅरिसहून तीन सुवर्णं नेली. तुझ्या कपाटावरची दीपा कर्माकार घे. रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टचं कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं, २०१७ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी तुर्कस्तानात मेर्सिनला सुवर्ण, आणि मे २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण, वयाच्या तिसाव्या वर्षी.

बाबांचं आपलं ठरलेलं, "लागल्याशिवाय का येतं? आम्ही मल्लखांबावर..." वगैरे. वरच्या फळीवरचा डबा काढायला ते मला का हाक मारतात, ते विचार त्यांना.

आणखी दोन गोष्टी. मेसमध्ये रात्री पोळी खात नाहीस असं तुझी रूममेट म्हणाली (तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं). वजन कमी म्हणजे उडी उंच, हे कुणाच्या डोक्यातून आलंय? पोटात पुरेसं गेलं नाही की आधी पाळी लांबते, मग हाडं ठिसूळ होतात. पाळी चुकतेय का ते सरळ सांग. "जिम्नॅस्टना असंच होतं" हे मी ऐकून घेणार नाही.

दुसरं, स्पॉटिंगला, म्हणजे उडी मारताना आधार द्यायला, सरांचा हात लागणार, त्याशिवाय कसं शिकवतील. पण मसाज, बँडेज, तपासणी बंद खोलीत एकटीने करून घ्यायची नाही, समोर कितीही मोठा डॉक्टर असो. अमेरिकेच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासार याने किती वर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींचं शोषण केलं, आणि त्या सांगत होत्या तरी मोठी माणसं गप्प बसली. तुला काही खटकलं तर रात्री दोनला फोन कर. मी नाही उचलला तर १०९८, मुलांच्या हेल्पलाइनला.

शनिवारी मी रजा टाकलीय. सकाळच्या एसटीने येते, आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ. एमआरआय लागला तर तोही करू, पैशांचं मी बघते. तोवर हातावर भार नाही. पोटाचे, पायांचे व्यायाम, बीमवरचं चालणं खुशाल कर, सरावाला दांडी मारू नकोस. सर काही वाईट नाहीत, पण त्यांच्या हाताखाली चाळीस पोरं आहेत आणि तुझं मनगट त्यांना आतून दिसत नाही. त्यांना तूच सांग. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी फोन करणार नाही, त्यानंतर करणार.

तुझी,
आई

ता. क. बारसाठी तळहातावर बांधायच्या नव्या ग्रिप्स आणतेय, पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्या माझ्याच पर्समध्ये राहतील. शेंगदाण्याचे लाडू मात्र लगेच मिळतील, रूममेटलाही दे.