शेवटच्या घरात ‘ज’ लिहून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही, तुम्हीही माझं विचारलं नाहीत. वाचनालयात आपण एकाच लांब टेबलावर बसायचो, एवढीच ओळख. म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. काल रात्री अख्खं शब्दकोडं सुटलं, कुणालाही न विचारता, आणि तेव्हापासून तुमचे आभार मानल्याशिवाय चैन पडत नाहीये.

शब्दकोड्यांची ओढ मला लहानपणापासून. पण आमच्या घरी मी संकेत मोठ्याने वाचायचा अवकाश, कुणीतरी उत्तर फेकायचं, आणि वर “एवढं साधं येत नाही?” हे ठरलेलं. नोकरीतही तेच. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी मागून वाकून बघायचे, माझ्या हातातलं पेन घ्यायचे आणि भराभर घरं भरून टाकायचे. कोडं पूर्ण व्हायचं, माझ्या हाती काहीच लागायचं नाही. कुणी म्हणे वाचन वाढव, कुणी म्हणे शब्दकोश घेऊन बस. पण संकेतावरून शब्दापर्यंत पोचायचं कसं, हे त्यांच्यातल्या एकानेही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच त्यांना. आपल्याला येतं हे दाखवायचं होतं. याचा राग मला अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही.

त्या दिवशी संकेत होता ‘कमळ’, घरं तीन. शब्द सुचत नव्हते असं नाही, उलट एकाच वेळी चार-पाच समोर येऊन उभे होते: पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज. सगळे तीन अक्षरी. त्यातला कुठला, हे ठरेना. तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि “लिहू का?” असं विचारलंत. माझ्या कोड्यात लिहिण्याआधी मला विचारणारे तुम्ही पहिले. मग पेन्सिलीने तिसऱ्या घरात अगदी फिकट ‘ज’ काढलात. “यातलं कुठलंही निघालं तरी हा ज हलत नाही. आता त्याच्यातून खाली जाणारा शब्द बघा.” एवढंच बोललात, आणि खुर्ची जराशी खिडकीकडे वळवून पुन्हा पेपरात डोकं घातलंत.

काका, मला सगळ्यात जास्त आठवतं ते तुमचं खुर्ची वळवणं. मी किती वेळ घेते, काय खोडते, कुठे थांबते, यावर कुणाची नजर नव्हती. उत्तर तुम्हाला माहीत होतं, चेहऱ्यावर ते दिसत होतं, तरी तुम्ही ते स्वतःजवळ ठेवलंत आणि मला माझा वेळ दिलात. कुणाला शिकवताना इतका आदर दाखवता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी जाताना माझे डोळे भरून आले होते.

त्या एका ‘ज’ने किती दारं उघडली! ज म्हणजे जन्मलेला, हे तुम्ही नंतर कधीतरी ओघात सांगितलंत. मग ढग आला की शेवटी ‘द’, देणारा: जलद, नीरद, वारिद, अंबुद. समुद्र आला की ‘धी’, धारण करणारा: जलधी, उदधी, वारिधी, पयोधी. मागे पाण्याचं कुठलंही नाव असो, शेवटचं घर आधी भरता येतं. आणि तेवढं भरलं की उभ्या शब्दाला धरायला काहीतरी मिळतं.

संकेत आणि उत्तर एकाच साच्यातले हवेत, हेही तुमचंच. संकेत ‘पळणे’ असेल तर उत्तर बहुतेक ‘णे’वरच संपणार, म्हणजे ‘धावणे’सारखं काही. ‘फूल’ असेल तर सुमन किंवा कुसुम, पण ‘फुले’ असेल तर सुमने किंवा कुसुमे. शब्द ठरायच्या आधीच शेवटच्या घरातली मात्रा ठरलेली. मराठीत काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, ‘आयुष्य’मधला ‘ष्य’सुद्धा, म्हणून आडव्या-उभ्याच्या छेदावर नुसतं व्यंजन जुळून चालत नाही. आणि ‘जीवन’ला दोनच घरं दिसली की आयुष्याचा नाद सोडून ‘पाणी’ लिहायचं. हे सगळं आता मला आपोआप दिसतं. पूर्वी मी फक्त अर्थाच्या मागे धावत असे.

तुम्ही गेल्यावर, म्हणजे तुमचं येणं बंद झाल्यावर, मी या छंदाबद्दल थोडं वाचलं. जगातलं पहिलं मानलं जाणारं शब्दकोडं आर्थर विन यांनी रचलं आणि ते २१ डिसेंबर १९१३ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात सगळ्यात वरचा ‘फन’ हा शब्द त्यांनी आधीच भरून ठेवला होता. वाचताना मला तुमचाच हात दिसला. पुढे १९२४ साली अमेरिकेत शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं, तेव्हा त्याच्यासोबत पेन्सिल जोडलेली होती. ज्यांना खरंच वाटतं की समोरच्याने सोडवावं, ते असंच वागत असावेत: सुरुवात करून देतात, खोडायची सोय ठेवतात आणि बाजूला होतात.

कोडी रचणाऱ्यांतही हा फरक कळतो. ‘मुलीचे एक नाव’, ‘एक गाव’ असे संकेत टाकणारे सोडवणाऱ्याला वाऱ्यावर सोडतात. तीन घरांत हजार नावं बसतील, त्याला कोडं कशाला म्हणायचं? चांगला रचनाकार चकवतो, पण उत्तर सापडल्यावर ते पटतं. अशा सभ्य माणसांवरच हा सगळा खेळ उभा आहे, आणि तशी माणसं कोड्यांबाहेरही असतात, हे तुमच्यामुळे मला मान्य करावं लागलं.

तब्येत बरी असेल अशी आशा करते. आजचं कोडं घेऊन बसले आहे. संकेत ‘चंद्र’, घरं चार, पहिली दोन ‘नि’ आणि ‘शा’. निशाकर, निशापती की निशानाथ, हे तिसऱ्या घरातून खाली जाणारा शब्द सांगेल आणि तो अजून सुटायचा आहे. तुम्हाला तो दिसला असेल तर कृपा करून सांगू नका.

तुमची कृतज्ञ,
टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणारी