धक्क्यावर उतार बांधा

महोदय,
जम्मू-काश्मीरमध्ये २०१५ साली भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले जवान नारायण कोंगनपल्ले पुण्यात, आर्मी रोइंग नोड या लष्कराच्या नौकानयन (रोइंग) केंद्रात घडले. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत नावेतल्या जोडीदार अनिता यांच्यासोबत रौप्यपदक, मग थेट पॅरिस पॅरालिम्पिक! दिव्यांगांच्या या नौकानयनातली सोय पाहण्यासारखी असते. पाय-कमरेत बळ नसलेल्याला पक्क्या बैठकीवर छातीशी पट्टा बांधून बसवतात, नावेच्या दोन्ही बाजूंना छोटे तरंगते आधार. बाकी सगळी मदार खांद्यांवर आणि दंडांवर. अंतर मात्र सर्वांना सारखंच, २००० मीटर. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेल्या आपल्या पॅरालिम्पिक जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांनाही पाण्यानेच उभारी दिली होती. बोट क्लबांनी आठवड्यातली एक सकाळ अशा जवानांसाठी राखावी आणि धक्क्यावर व्हीलचेअर उतरेल असा उतार बांधावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे