लस आखरावरच टोचा, मृगाच्या आधी

महोदय,

मृग लागला की ढोरांना घटसर्प आणि फऱ्या हे रोग होतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी लस कैकदा पाऊस पडून गेल्यावरच गावात पोहोचते. मग ढोर तापलं, चारा सोडला, की मिळेल त्याच्या हातून ऑक्सिटेट्रासायक्लिन नाहीतर एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक टोचून घ्यायचं आणि ढोर उठून उभं राहिलं की औषध बंद. लाळ्या खुरकूत, बकऱ्यांचा पीपीआर हे तर विषाणूंचे रोग. त्या विषाणूंवर प्रतिजैविक चालतच नाही, जखमा चिघळू नयेत एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. पण गोठ्यात पहिली सुई त्याचीच पडते.

या अर्धवट औषधातून जे जंतू वाचतात, तेच पुढे वाढतात. शेणातून ते उकिरड्यावर जातात, तिथून शेतात, धार काढणाऱ्याच्या हातावर. एन्रोफ्लॉक्सासिन आणि माणसांचं सिप्रोफ्लॉक्सासिन एकाच घराण्यातलं आहे; एकाला न जुमानणारा जंतू सहसा दुसऱ्यालाही जुमानत नाही. म्हणजे गोठ्यात वाया गेलेलं औषध उद्या घरच्या आजाऱ्यालाही लागू पडणार नाही.

कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं प्रतिजैविक; केंद्राने २०१९ मध्ये ते जनावरांना देण्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण नुसत्या बंदीने भागत नाही. डोळ्यांदेखत बैल मरत असेल तर शेतकरी सापडेल ते औषध देणारच. रोगच येऊ दिला नाही तर औषधाची पाळी येत नाही. नॉर्वेने माशांना लस टोचून सॅल्मन माशांच्या शेतीतला प्रतिजैविकांचा वापर सुमारे ९९ टक्क्यांनी खाली आणला, आणि उत्पादन मात्र कितीतरी पटींनी वाढलं.

लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. आमच्या मे महिन्यात पारा ४५ वर असतो, त्यात भरदुपारी घरोघरी बर्फाचा डबा घेऊन फिरण्यात अर्थ नाही. सकाळी गायकी (गुराखी) सगळी ढोरं आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या जागी, आणतो, तिथेच लस टोचावी. तारीख ग्रामपंचायतीने आठवडाभर आधी सांगावी. लस टोचल्यावर दूध दोन-चार दिवस कमी होतं, हे लपवू नये. लशीने गाभण गाय गाभडेल अशी लोकांना भीती वाटते, तिचं उत्तर डॉक्टरांनी तिथेच द्यावं.

आणि बकऱ्या विसरू नका. भूमिहीन बायांचा संसार त्यांच्यावर चालतो. पीपीआरची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते, तरी आखरावर न येणाऱ्या बकऱ्या दरवेळी सुटतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

एक पशुपालक,
आर्णी, जि. यवतमाळ