त्या कार्डामागची माणसे

मा. संपादक,
स. न.

न्यू जर्सीतल्या एका सुपरमार्केटमध्ये मी कॅश काउंटरवर काम करते. इथली आपलीच काही मराठी मंडळी 'स्नॅप'च्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कार्डावर किराणा घेणाऱ्यांना सर्रास फुकटे म्हणतात. ते ऐकवत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वी याला 'फूड स्टॅम्प' म्हणत. २००८ साली नाव बदलले. आता डेबिट कार्डासारखे कार्ड असते, पिन टाकायचा. दूध, भाजी, धान्य, मांस मिळते. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड, औषधे नाहीत. आणि गरम, तयार जेवणही नाही! भाजलेली कोंबडी गरम असेल तर चालत नाही, तीच गार करून फ्रीजमध्ये ठेवली की चालते. दिवसभर राबून आलेल्या बाईला हा नियम सांगताना माझाच जीव तुटतो.

परवा एकीने डायपरसाठी पर्समधली नाणी मोजून दिली. मागून कुजबुज आली, 'फोन बघा केवढा महागडा!' तो फोन कुणी, कधी घेऊन दिला, कुणाला ठाऊक? हे कार्ड वापरणाऱ्यांत मुलेबाळे असलेली कुटुंबे आहेत, म्हातारी माणसे, अपंग आहेत, आणि नोकरी करणारेही. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मुलगी त्यातलीच. पगारात तिचे भागत नाही.

रांगेत दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावू नका, एवढीच आपल्या लोकांना विनंती. आणि सरकारने निदान साबण, डायपर तरी या कार्डावर द्यावेत.

– एक कॅशियर, न्यू जर्सी