सिंकवरच्या रॅकबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

आधी बातमी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. भांडी निथळायचा रॅक मी मागवला आहे, सिंकच्या वर भिंतीला लावायचा. पैसे भरून झालेत आणि रविवारी तो बसवणाऱ्या माणसाला घेऊनच मी येतेय. आई, तुझं "कशाला गं उगाच?" मला इथवर ऐकू येतंय. पण या वेळी ठरलंय.

फोनवर तू "जरा पाय सरकला, काही झालं नाही" म्हणालीस आणि लगेच माझ्या खोकल्याची चौकशी सुरू केलीस. बाबा तर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून ती ओट्याच्या टोकावरची भांड्यांची टोपली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्याखालचं ताट भरलं की पाणी कडेवरून ओघळतं आणि नेमकं तू उभी राहतेस तिथेच साचतं. त्यावर टाकलेलं जुनं पायपुसणं भिजलं की तेही सरकतं. बाबा, तुम्हाला आकडा लागतो म्हणून लिहिते: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीपुढची जास्त. तुम्हाला भीती घालायची नाही. माझ्या मनात काय घोळतंय ते कळावं एवढंच.

रॅकमध्ये जादू काही नाही. ताटं, वाट्या, पेले धुऊन वरच ठेवायचे, पाणी थेट सिंकमध्ये पडतं, ओटा कोरडा, जमीन कोरडी. फिनलंडमध्ये माइयू गेबहार्ड नावाच्या बाईने १९४० च्या दशकात अशी, तळाला फळी नसलेली कपाटं घडवली. बाईच्या आयुष्यातले जवळजवळ ३०,००० तास भांडी धुण्या-पुसण्यात जातात, असा हिशेब तिने मांडला होता. आई, तुझे तास कुणी मोजले नाहीत. मला मात्र तू फडकं पिळून पुन्हा पुन्हा वाकताना दिसतेस.

आणि पुसायची गरजच नाही गं. अमेरिकेच्या खाद्य नियमावलीतसुद्धा भांडी हवेवर सुकवायला सांगितलंय, कारण ओल्या फडक्यातले जंतू धुतलेल्या ताटाला परत लागतात. फक्त हवा खेळायला हवी. बाबा, म्हणून ओल्या वाट्या एकात एक घालायच्या नाहीत. तुम्ही जागा वाचावी म्हणून करता ते मला कळतं, पण मधलं पाणी कोंडून राहतं आणि तोच तो वास येतो. ताटं उभी, वाट्या उपड्या आणि थोड्या तिरक्या, म्हणजे बुडाच्या कडेत पाणी थांबत नाही.

लहानपणी मी स्टुलावर बसायचे, तुम्ही एकेक पेला माझ्या हातात द्यायचात आणि मी तो फ्रॉकला पुसायचे. आई रागवायची, तुम्ही तोंड फिरवून हसायचात. त्या ओल्या हातांची मला अजून आठवण येते. स्टूल कुठे जाणार नाहीये, काळजी नको.

बाकीचंही काही जाणार नाही. आत्याने दिलेली परात, तो चेपलेला पेला, दादाचा डबा, सगळं घरातच राहील. पण ओट्यावर रोजचं तेवढंच. तुम्ही दोघं आहात आणि टोपलीत भांडी दहा जणांची. सकाळची वरच्या थरात सुकतात, खालची संध्याकाळपर्यंत ओलीच, त्यावर पुन्हा दुपारची. आपण तिघं मिळून रोजची भांडी निवडू, उरलेली कोरडी करून कपाटात ठेवू. आई, निवड तुझी, मी फक्त उचलाउचल करीन. कुकर, कढई रॅकवर ठेवायची नाही, ती खाली ओट्याजवळच. लोखंडी तवा तर धुतल्यावर लगेच मंद आचेवर सुकवून तेलाचं बोट फिरवायचं, हे तूच मला शिकवलंस.

रॅक ३०४ प्रतीच्या स्टीलचा घेतलाय. त्यात क्रोमियम सुमारे १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं, म्हणून ओलाव्यात लवकर गंजत नाही. थोडा महाग पडला, पण स्वस्तातला गंजला असता आणि मग आईने तो रोज घासत बसायचं! उंची आईच्या हाताने ठरवायची. टाचा न उचलता वरच्या ताटापर्यंत पोचायला हवं.

बाबा, तुमच्याशिवाय एक काम होणार नाही. नळाचा पाइप भिंतीतून कसा गेलाय हे फक्त तुम्हाला माहीत आहे. पेन्सिलने खूण करून ठेवा, म्हणजे ड्रिल त्यावर जाणार नाही. टाइल फुटेल ही काळजी करू नका. टाइलवर चिकटपट्टी लावून आधी ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद ठेवून हळूहळू भोक पाडतात, विटेला पोचल्यावरच जोर लावतात. मी शेजारी उभी राहीन.

तोवर टोपली ओट्यावरून उचलून सिंकच्या बाजूच्या उतारावर ठेवा, पायपुसणं काढून टाका, मी रबरी तळाचं आणतेय. आई, स्वयंपाकघरात चप्पल घालायची, अगदी चहा गाळायला गेलीस तरी. आणि भिंतीवरचं कॅलेंडर व त्याचा खिळा मी आल्यावर काढीन. बाबा, त्यासाठी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
छोटी